शून्य बटे शून्य

मावशीच्या मुलीनं गेल्या पावसाळ्यात एका भरतीचा अर्ज भरला होता. यादी लागली त्या संध्याकाळी मी एमआयडीसीतून सरावलीला घरी पोचलो, तर ती आमच्या ओट्यावरच फोन घेऊन बसलेली. "दादा, नाव नाही माझं." यादी म्हणजे ६२ पानांची पीडीएफ. शोधाच्या खोक्यात तिनं स्वतःचं नाव टाकलं होतं आणि कोपऱ्यात ०/० उमटलं होतं. मग नुसतं आडनाव. मग वडलांचं नाव. दर वेळी ०/०. मीही टाकून पाहिलं. शेवटी आम्ही दोघांनी तो विषय सोडला. मावशीला फोन कोण करणार, एवढंच ठरायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुसऱ्याच एका फॉर्मची प्रिंट काढायला आम्ही बोईसर स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच काउंटरवर. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. माउस होता, पण वायर गुंडाळून कीबोर्डच्या मागे ठेवलेला. मी बोलता बोलता यादीचा विषय काढला. ताईंनी ती उघडली, कंट्रोल-एफ दाबलं, आणि नाव विचारलंच नाही. "अर्जाचा नंबर सांग." शेवटचे पाच आकडे टाकले. पान ४१. नाव होतं. कागदपत्रं तपासायला बोलावलं होतं ते दुसऱ्याच दिवशी.

"यादीत नावानं शोधायचं नसतं," ताई म्हणाल्या. "नंबरानं शोधायचं."

हे वाक्य मी ब्राउझरवरच्या कुठल्याही लेखात वाचलेलं नाही, आणि असे लेख मी भरपूर वाचलेत. 'ब्राउझर सुपरफास्ट करणारी १० एक्स्टेन्शन्स', 'हे २५ शॉर्टकट माहीत नसतील तर तुम्ही वेळ वाया घालवताय'. हा आता एक साहित्यप्रकारच झालाय. मराठीतही त्याचे व्हिडिओ निघतात. साहित्यप्रकार म्हटला की त्याचा वाचक कोण, हे विचारायला हरकत नसावी. कादंबरीला विचारतो, तसंच.

या प्रकाराचा वाचक टेबलाशी बसलेला असतो. त्याच्यासमोर मोठा पडदा असतो, चाळीस टॅब उघडे असतात आणि ते सगळे इंग्रजीत असतात. त्याला एकच दुःख असतं: वेळ. म्हणून प्रत्येक सल्ला वेळ वाचवण्याचा. त्यातले काही उत्तमच आहेत, नाही म्हणत नाही. चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीनं परत येतो हे कळलं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता. कंट्रोल-एलनं थेट पत्त्याच्या पट्टीत जाता येतं, कंट्रोल आणि ९ दाबलं की शेवटचा टॅब. पत्त्याच्या पट्टीत दोन अक्षरांची खूण ठरवून ठेवली तर तिथूनच मराठी विकिपीडियात शोध घेता येतो. बोईसरच्या सरावलीबद्दल काही हुडकताना भिवंडीची सरवली मध्ये येते, तेव्हा हे फार कामाचं. पण हे सगळं जमल्यावरही आमची मुलगी ०/० पाशीच अडकली होती. तिला वेळ वाचवायचा नव्हता. तिला सापडायचं होतं.

ताईंनी त्या यादीतली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून दाखवली. पडद्यावर देवनागरी नव्हतीच. रोमन अक्षरं, कंस, तिरक्या रेघा यांची गिचमिड. यादी बनवणाऱ्यानं ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकली होती. अशा फॉन्टात फाइलच्या आत रोमन चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना क, ख, ग चा मुखवटा चढवतो. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही. अर्जाचा नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत होता, म्हणून तो सापडला.

मराठी वाचकाचा आणि एक्स्टेन्शनचा खरा संबंध इथे सुरू होतो, आणि हा इतिहास त्या दहा-दहाच्या याद्यांत नसतो. २००० नंतरची काही वर्षं भारतीय भाषांतली बरीच वर्तमानपत्रं इंटरनेटवर आपापल्या फॉन्टात निघत. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पान म्हणजे हीच गिचमिड. त्या काळात फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. तेलुगूपासून सुरू झालेलं, पुढे देवनागरीपर्यंत पोचलेलं. पान उघडलं की ते आतली जुनी चिन्हं युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. वर्तमानपत्रानं बदल केला नाही, तर वाचकानं आपल्या बाजूनं केला.

मला एक्स्टेन्शनची हीच व्याख्या पटते: छापून आलेल्या पानाला वाचकानं घेतलेली हरकत. नावाजलेली एक्स्टेन्शन्स आठवून पाहा. जाहिराती अडवणारं पहिलं ॲडब्लॉक २००२ चं, फायरफॉक्सचं नाव अजून फिनिक्स होतं तेव्हाचं. 'ग्रीसमंकी'नं २००५ च्या सुमारास वाचकाच्या हाती थेट छोटे प्रोग्रॅमच दिले: या पानावरचं हे काढ, तिथे ते जोड. ते लिहिणारे आरन बूडमन पुढे गूगलमध्ये क्रोमच्या एक्स्टेन्शन्सवरच काम करू लागले. 'रीडेबिलिटी' २००९ मध्ये आलं. त्यानं पानावरची सगळी लुडबूड काढून नुसता मजकूर समोर ठेवला, आणि पुढच्याच वर्षी सफारीनं वाचनाची तशी सोय ब्राउझरच्या आतच घेतली. यातलं एकही मुळात 'प्रॉडक्टिव्हिटी'साठी जन्मलेलं नाही. कुणीतरी वाचता वाचता वैतागलं होतं.

आणि हरकत घ्यायची जागा कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न तेव्हापासून आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेली एक्स्टेन्शन्स एका दिवसात निकामी झाली. सुरक्षिततेची कारणं खरी होती, पण हौसेनं लिहिलेलं बरंच काही पुन्हा लिहायला कुणी उरलेलं नव्हतं. २०२४-२५ मध्ये क्रोमनं एक्स्टेन्शन्सचे नियम बदलले तेव्हा 'यूब्लॉक ओरिजिन'सारखं मातब्बर तिथून गेलं आणि मागे त्याची 'लाइट' आवृत्ती राहिली.

युनिकोड आलं म्हणजे मराठीचं भागलं, असंही नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. यातलं ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झालं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवत, आणि अजूनही कित्येक जण तसंच लिहितात. दोन्ही दिसतात सारखे, आत वेगळे. 'दऱ्या'तला अर्धा र तसाच: कुणी ऱ वापरून लिहितं, कुणी साध्या र चा पाय मोडून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह लावतं. हे दोन एकच आहेत हे शोधणाऱ्या यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. शिकवलं नसेल तर ०/०. यावर माझा गावठी उपाय आहे: अडचणीचं अक्षर वगळून शब्दाचा उरलेला तुकडा शोधायचा. 'ॲप्लिकेशन'ऐवजी 'प्लिकेशन'. वेडगळ दिसतं, पण चालतं.

शॉर्टकटांचीही एक गंमत सांगतो. कॉपी-पेस्टच्या कळा रोमन कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत, म्हणून त्या हाताला बसल्या. भारताच्या १९९१ च्या मानकात असलेला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर सी च्या कळेवर म आहे आणि व्ही च्या कळेवर न. म्हणजे माझ्या हातांसाठी कॉपी हे कंट्रोल-म आणि पेस्ट कंट्रोल-न. एफ च्या जागी पहिली वेलांटी, म्हणून शोधायचं तर कंट्रोल-वेलांटी. टी वर दुसरा ऊकार. नवा टॅब कंट्रोल-दीर्घ ऊकारानं उघडतो. डाव्या हाताला स्वर, उजव्याला बहुतेक व्यंजनं, ही त्या कीबोर्डची रचना. ती एकदा उमगली की हे शॉर्टकट मराठीत पाठ होतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, सुरू झाला. त्याच्या लिहायच्या खोक्यात रोमनमधून मराठीत जायला कंट्रोल-एम आहे. फायरफॉक्समध्ये तोच कंट्रोल-एम टॅबचा आवाज बंद करतो. एक जण बोलायला लावतो, दुसरा गप्प करतो. मी यावर कधीतरी कविता करणार होतो, राहून गेली.

पण हे सगळं टेबलावरच्या कंप्युटरचं झालं. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय. मी लिहिलाही बराचसा फोनवरच, डहाणू-विरार गाडीत. आणि फोनवर एक्स्टेन्शन्सच्या याद्या म्हणजे लग्नाच्या पंगतीचं वर्णन उपाशीपोटी ऐकणं. अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही. तिथे पान येईल तसं वाचायचं. फायरफॉक्सनं फोनवर पूर्वी मोकळीक दिली होती, २०२० च्या नव्या बांधणीत ती मोजक्या नावांवर आणली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दार पुन्हा उघडलं. 'किवी' नावाचा क्रोमच्याच कुळातला एक ब्राउझर फोनवर एक्स्टेन्शन्स चालवायचा. त्याचं काम जानेवारी २०२५ मध्ये थांबलं. सरावलीत, अवधनगरात, पालघरच्या कॉलेजांत ज्यांचा पहिला आणि एकुलता कंप्युटर म्हणजे फोन आहे, त्यांच्या वाट्याला वाचनाची सोय आली, हरकतीची आली नाही. 'टॉप टेन'वाल्यांना हे सांगावंसं वाटत नाही, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

फोनवर मग काय करता येतं? थोडंसं. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीवर बोट आडवं सरकवलं की शेजारचा टॅब येतो. तीन टिंबांच्या मेनूत पानावर शोधायची सोय असते, ती फार कमी जण उघडतात. आणि माझी सर्वात आवडती: लेखातलं एक वाक्य निवडायचं, शेअर करायचं, आणि त्याच वाक्याची लिंक पाठवायची. समोरच्यानं उघडली की पान त्या वाक्याशी थांबतं आणि ते रंगवलेलं दिसतं. वाद घालायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. फक्त वाक्य मराठी असेल तर लिंक भयंकर होते. पत्त्यात देवनागरीतलं एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत फुटतं. 'सरावली' हे सहा चिन्हांचं नाव ५४ चिन्हांचं होतं: टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, असं पाच वेळा, आणि शेवटच्या वेलांटीला ए-पाच. व्हॉट्सॲपवर अशी लिंक आली की माझी मावशी ती व्हायरस समजून पुसते.

फोनवर फायरफॉक्स घेऊन मी बहिणीला जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवून दिलं. बसवताना परवानगीचा खोका आला. सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा पाहू दे, अशा अर्थाचं काहीतरी. तिनं वाचलं. मी आजवर कधी वाचलं नव्हतं. "म्हणजे माझा फॉर्म पण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, म्हणजे तसं ते करणार नाही, पण करू शकतं. पानाला हरकत घ्यायची तर पान वाचावंच लागतं, त्यातून सुटका नाही. 'स्टायलिश' हे पानांचे रंगरूप बदलणारं लाडकं एक्स्टेन्शन मूळ मालकाकडून दुसऱ्यांकडे गेलं, आणि ते लोकांच्या भटकंतीची सगळी नोंद गोळा करतंय हे जुलै २०१८ मध्ये उघड झाल्यावर क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी ते काढून टाकलं. याद्यांमध्ये तोवर त्याला पाच तारे मिळत होते.

कागदपत्रं तपासून झाल्यावर आम्ही पेढे घेऊन ताईंकडे गेलो. मला एक विचारायचंच होतं. इतक्या कळा पाठ असलेली बाई कोणती एक्स्टेन्शन्स वापरत असेल? मी पट्टीकडे पाहिलं, ती मोकळी होती.

"एक पण नाही," ताई म्हणाल्या. "दिवसभर लोकांचे आधार, बँकेची पासबुकं, मुलींचे फोटो येतात यावर. कुणाला आत बसवू?"

आमच्या मागे एक काका रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन उभे होते. ताईंनी पेढा तोंडात टाकला, एका हातानं कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं, आमचं जे काही त्यात उरलं होतं ते पुसलं आणि म्हणाल्या, "हां काका, बोला."