नाव नसलेल्यांचं दालन

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. शाळेनं काम दिलेलं : आजोळच्या भागातलं एखादं संग्रहालय पाहा आणि त्यावर चार पानं लिहा. त्यानं विचारलं, "मामा, खानदेशचं म्यूझियम कुठंय?" मी यादी सांगायला लागलो. जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थ. जुन्या जळगावात बहिणाबाईंचं घर. चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, आणि तिथंच समर्थ वाग्देवता मंदिर. पोरानं सगळं वहीत उतरवून घेतलं, एकदा वाचलं, आणि म्हणाला, "ही तर सगळी माणसांची आहेत. खानदेशचं कुठलं?"

मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

गांधीतीर्थापासून सुरुवात करतो, कारण बाहेरचा पाहुणा आला की आपण सगळे त्याला आधी तिथंच नेतो. भवरलाल जैन यांनी ते उभं केलं आणि २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कानाला आवाज लावून फिरायचं, पडदे, चित्रफिती, बोट लावलं की उघडणारी पानं. काचेच्या कपाटांपुढे जांभया देणारी सहलीची पोरंही इथं जागी राहतात. हे यश लहान नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी इतक्या निगुतीनं सांभाळलेली जागा महाराष्ट्रात फारशी नाही.

माझी अडचण वेगळी आहे. अशा मांडणीत आपण पाहत कमी असतो आणि ऐकत जास्त असतो. गोष्ट पोरबंदरहून निघते आणि राजघाटाला पोहोचते, तिची गती ठरलेली असते, आणि आपण तिच्यामागून चालतो. वस्तूपुढे माणूस रेंगाळतो, मागं फिरतो, पुन्हा येतो. गोष्टीपुढे तसं करता येत नाही. शिवाय ही गोष्ट अहमदाबादेत किंवा दिल्लीत याच रीतीनं सांगितली असती तरी तिचं काही बिघडलं नसतं. बाहेर पडलो की समोर कपाशीची शेतं आणि केळीनं भरलेले ट्रक दिसतात. आत ऐकलेल्याचा त्यांच्याशी सांधा जुळवायचं काम पाहणाऱ्यावरच येऊन पडतं.

हा सांधा एकदा जुळला होता, आणि तोही गांधींनीच जुळवला होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाच्या नगराला टिळकनगर नाव दिलेलं. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, आणि २५ डिसेंबरला त्याचं उद्घाटन गांधींनी केलं. सगळ्या नगराची रचना आणि सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे गांधींनीच सोपवली होती. अट एकच : खेड्यात मिळेल त्या सामानातून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून व्हायला हवं. बांबू, चटया, गवत. मोठ्या शहरात शिकलेला चित्रकार फैजपूरच्या बांबूपुढे उभा राहून विचार करतो आहे, हे चित्र मला फार आवडतं. ज्या लोकांनी ते उभारलं तेच पाहायलाही आले असणार, आणि आपल्या ओसरीवरची चटई इतकी देखणी दिसू शकते हे त्यांना तिथं कळलं असणार. प्रदर्शन म्हणजे आणखी काय असतं?

पुढं काय झालं पाहा. १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदबाबूंनी चित्रफलक रंगवले. ते टिकले, दिल्लीच्या संग्रहालयात गेले, कलेच्या पुस्तकांत आले. फैजपूरचा बांबू मात्र अधिवेशन संपल्यावर उतरला आणि लोकांच्या कुडांना, मांडवांना लागला असेल. हरिपुरा कलेच्या इतिहासात राहिलं. फैजपूर राहिलं ते राजकारणाच्या इतिहासात, नेहरूंच्या अध्यक्षपदासह. टिकणाऱ्या वस्तूला दालन मिळतं आणि सही असलेल्या वस्तूला आधी मिळतं, एवढाच नियम आहे.

चाळीसगावात तोच नियम उलट्या बाजूनं दिसतो. केकी मूस १९३० च्या दशकाच्या अखेरीस विलायतेहून परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ ला वारले. मधली सगळी वर्षं स्टेशनजवळच्या त्या दगडी बंगल्यात, जवळजवळ उंबरा न ओलांडता. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, प्रकाश पाडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांची छायाचित्रं घेतली. एप्रिलमध्ये जिथं डांबर वितळतं त्या गावात बसून या माणसानं टेबलावर हिवाळे मांडले. यावर किती बोलता येईल! टेबलाच्या कडेपलीकडे काय होतं, प्रकाश कुठून आणला, डोळ्याला फसवायला किती कमी लागतं. पण पाहायला गेलेला माणूस बाहेर येऊन सांगतो ती गोष्ट रात्रीच्या गाडीची असते : प्रेयसी येणार होती, ते दार उघडं ठेवून वाट पाहत, ती आलीच नाही. खरी असो वा नसो, ही गोष्ट छायाचित्रांना गिळून बसली आहे. माणसाचं संग्रहालय झालं की असं होतं. काम हे चरित्राच्या पुराव्याला उरतं.

बहिणाबाईंच्या घरात मला उलटा अनुभव येतो, म्हणून ते मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथं जपलेल्या वस्तू एका शेतकरी बाईच्या रोजच्या वापरातल्या आहेत. असोद्यात, भादलीत, यावलात अशाच वस्तू हजारो घरांत होत्या. त्या मोडल्या, भंगारात गेल्या, जळणात गेल्या. या राहिल्या, कारण या बाईच्या मुलानं तिचे शब्द कागदावर उतरवून घेतले आणि ते छापले गेले. म्हणजे तिच्या नावाच्या आडोशानं हजार बिननावाच्या बायकांचं घर वाचलं. ते पाहताना कवयित्री थोडी बाजूला सरते आणि खानदेश पुढं येतो. मांडणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे.

धुळ्याकडे वळलं की प्रश्न आणखी अवघड होतो. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते, तिथंच ३१ डिसेंबर १९२६ ला गेले, आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. शोकसभा घेऊन घरी जाणाऱ्या गावांच्या देशात हे आश्चर्यच म्हणायचं. मंडळाच्या संग्रहात हस्तलिखितं आहेत, नाणी, ताम्रपट, शिल्पं आहेत. पाटी माणसाची, पण वृत्ती प्रदेशाची. खुद्द राजवाड्यांनी तरी काय केलं? गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं खाली काढली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यातून निघाले. मात्र कागद हा दाखवायला सगळ्यात कठीण पदार्थ. मोडी वाचता न येणाऱ्याला काचेखालचं पत्र म्हणजे नुसती काळी नक्षी. आणि कागदाची मूळ मर्यादा अशी, की ज्याच्या घरी दप्तर त्याचाच इतिहास. भिल्लाच्या घरी दप्तर नव्हतं. १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभारली. तिची कागदपत्रं साहेबानं लिहिलेली आहेत. चाळीसगावजवळच्या घाटाला अजून औट्रम घाट म्हणतात, आणि १९८६ साली तिथं अभयारण्य झालं तेव्हा तेही 'गौताळा औट्रमघाट' झालं. जंगलालासुद्धा साहेबाचं नाव लागलं.

त्याच जंगलाच्या पायथ्याशी पाटणे आहे. चाळीसगावहून वीसएक किलोमीटरच्या आत. लोक पाटणादेवीला जातात, नवस फेडतात, पावसाळ्यात धबधबा पाहतात. एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात इथं उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले, पूर्ण झालेले आणि अर्धवट राहिलेले मणी निघाले. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या पट्ट्यात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी कोरलेली होती. वय सुमारे २५ हजार वर्षं.

खानदेशात शहामृग होता, हे वाक्य मी चाळीसगावच्या चहाच्या टपरीवर दोनदा बोलून पाहिलं. दोन्ही वेळा लोक हसले. पण शहामृग भारतात होता याला आता डीएनएचाही आधार आहे. भारतात सापडलेल्या जुन्या कवचांचा अभ्यास करून हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. शहामृग होता म्हणजे मोकळं गवताळ रान होतं, हवा आजच्यापेक्षा कोरडी होती. हा झाला निसर्ग. त्या रेघा झाल्या कला. आणि त्या कुणी काढल्या हा झाला इतिहास. एका बोटाएवढ्या तुकड्यात तिन्ही दालनं आहेत.

त्या रेघांवरही वाद आहेच. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा अनेक 'कोरीव' कवचांवरच्या खुणा माणसाच्या नसून झाडांच्या बारीक मुळ्यांनी खरवडलेल्या आहेत, असं तज्ज्ञांनी दाखवून दिलं. पाटण्याचा तुकडा त्या तपासणीतून टिकला. या टिकण्यातला थरार एखाद्या दालनात शाळकरी पोराला सहज समजावता येईल : दोन तुकडे शेजारी ठेवायचे, वर भिंग, आणि विचारायचं, सांग, मूळ कुठलं आणि माणूस कुठला? यासाठी पडदाही नको न् कानात आवाजही नको. पण जळगावात किंवा धुळ्यात तो तुकडा माझ्या नजरेला पडलेला नाही, त्याची साच्यातून काढलेली प्रतसुद्धा नाही. उत्खननातली वस्तू संस्थेबरोबर जाते, हा कारभार मला समजतो. प्रतीला मात्र कोणता कायदा आड येतो?

पैसा कोण देणार, असं विचारलं जाईल. गांधींना भक्त आहेत, समर्थांना आहेत, कवयित्रीला आहेत. शहामृगाच्या अंड्यावर रेघा मारणाऱ्याची जयंती कधी करायची? पण मराठवाड्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि त्यातून सरकारी वस्तुसंग्रहालय झालं. पाटीवर नाव लामतुऱ्यांचं आहे, आत तेर आहे. राजवाड्यांच्या पाटीआड हेच आणखी वाढवता येईल. नाव पुसायचं काहीच कारण नाही.

पाटण्यालाच देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. त्यांचं नाव आज मुंबईत एका संग्रहालयावर आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, त्याची ही नोंद. सगळे एवढंच सांगतात, कारण नाव भास्कराचार्यांचं आहे. लेखाच्या शेवटच्या ओळी मात्र संस्कृत सोडून मराठीत उतरतात. मठ कशावर चालायचा याचा हिशेब तिथं आहे : पाटणच्या बाजारात येणारा माल, गिऱ्हाईक, तेलाचा घाणा, कुणी काय द्यायचं.

भाच्याला मी उन्हाळ्यात पाटण्याला नेणार आहे. चार पानं त्यानं केव्हाच लिहून दिली, गांधीतीर्थावर, गुणही चांगले मिळाले. तरी तो येतो म्हणालाय. त्याला त्या तेल्याचं नाव विचारायचंय.