'अस्तु' : स्मृतिभ्रंश, देखरेख आणि संमती

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'अस्तु' या चित्रपटाची चर्चा बहुधा मोहन आगाशे यांच्या अभिनयापाशी थांबते. प्रस्तुत लेखात त्यातील एका नैतिक पेचाचा विचार अभिप्रेत आहे. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोडा वेळ दूर जाते. तेवढ्यात रस्त्यावरचा हत्ती पाहून ते त्याच्यामागे निघून जातात. त्यांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ असते तर शोध लवकरच संपला असता; अर्थात चित्रपटही.

परंतु शास्त्रींचे हे जाणे निव्वळ भरकटणे नव्हे. विस्मृतीतही शिल्लक उरलेले कुतूहल त्यामागे आहे, आणि घड्याळाला केवळ ठिकाण कळते. तथापि दिग्दर्शकांनी आपली बाजू काहीशी सोपी करून घेतली आहे, हेही नमूद करावे लागते. माहुताची पत्नी चन्नम्मा शास्त्रींना लेकरासारखे सांभाळते. (या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.) महामार्गावर किंवा विहिरीच्या काठावर चन्नम्मा भेटेलच असे नाही. त्यामुळे 'अस्तु'चा दाखला देऊन देखरेखीची साधने नाकारता येत नाहीत.

बीड जिल्ह्यात हा पेच निराळे रूप घेतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अनेक घरांत म्हातारी माणसेच मागे उरतात. आई घराबाहेर पडल्याची सूचना फडातल्या मुलाच्या मोबाईलवर आली, तरी तिला हाताला धरून परत आणणार शेजारीच. त्या शेजाऱ्याचा विचार यंत्राच्या जाहिरातीत नसतो. शहरी कुटुंबाच्या या चित्रपटातही तो नाही.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ५ नुसार प्रौढ व्यक्तीला आपली काळजी कशी घेतली जावी याचे लेखी निर्देश आगाऊ देता येतात. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. तेव्हा घड्याळ चालेल का, कॅमेरा कोणत्या खोलीत नको, हे भान शाबूत असतानाच लिहून ठेवता येईल. मात्र घड्याळाला मान्यता देणारे शास्त्री पुढे तेच घड्याळ ओढून काढू लागले, तर इराने कोणत्या शास्त्रींचे ऐकावे? आणि निदानच उशिरा झाले, तर निर्देश लिहिण्याची वेळही निघून गेलेली असते.