शेतकरी हक्क आणि कलम ३९ : तरतूद व संरक्षण यांतील अंतर

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारामुळे पिकांच्या वाणांना कायदेशीर संरक्षण देणे भारतास क्रमप्राप्त झाले. हे संरक्षण पेटंटद्वारे द्यावे की स्वतंत्र व्यवस्थेद्वारे, याची मोकळीक करारातच होती. भारताने स्वतंत्र व्यवस्था निवडली आणि 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१' संमत झाला. पैदासकाराची मालकी आणि शेतकऱ्याचा हक्क या दोहोंना एकाच अधिनियमाच्या शीर्षकात स्थान मिळाले, ही बाब निश्चितच लक्षणीय होय. प्रश्न उरतो तो शीर्षकातील हा समतोल प्रत्यक्ष कार्यवाहीत कितपत टिकतो, याचा.

अधिनियमाचा गाभा कलम ३९ (१) मधील चौथ्या खंडात आहे. संरक्षित वाणाच्या बियाण्यासह आपले शेतउत्पादन राखून ठेवणे, वापरणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवाणघेवाण करणे, वाटणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क असून, अधिनियम अमलात येण्यापूर्वी तो ज्या रीतीने होता त्याच रीतीने पुढेही राहील, असे हा खंड सांगतो. अपवाद एकच : संरक्षित वाणाचे नाव दर्शविणारे लेबल लावून, वेष्टनात घालून बियाणे विकता येणार नाही. घरच्या माणसांच्या श्रमावर चालणाऱ्या शेतीत बियाणे ही केवळ बाजारातून आणावयाची निविष्ठा नसते. चांगली कणसे निवडून, राखेत घोळून ठेवलेले बी पुढच्या हंगामाची हमी असते आणि शेजाऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडते. ही रीत विधिमंडळाने सवलत म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मान्य केली. शिवाय कलमाची सुरुवातच 'या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. म्हणजे पैदासकाराचे हक्कभंगाचे कलम ६४ याच्यापुढे दुय्यम ठरावयास हवे.

गुजरातमधील बटाटा प्रकरणाने या अपेक्षेची परीक्षा घेतली. 'एफएल २०२७' या नोंदणीकृत वाणाची विनापरवाना लागवड केल्याच्या आरोपावरून पेप्सिको कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये अहमदाबादच्या वाणिज्य न्यायालयात चार शेतकऱ्यांविरुद्ध प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपयांच्या भरपाईचे दावे दाखल केले. प्रारंभीच एकतर्फी मनाई हुकूम मिळाला. पुढे कंपनीने तडजोड सुचविली : शेतकऱ्यांनी करार पद्धतीत यावे, अन्यथा या वाणाची लागवड थांबवावी. हक्क असलेल्या माणसापुढे हे दोनच पर्याय ठेवले जावेत, यातच हक्काची दुर्बलता दिसते. देशभर विरोध झाल्यावर मे २०१९ मध्ये दावे मागे घेतले गेले. हा शेतकऱ्यांचा विजय मानला गेला व एका अर्थी तो होताही. परंतु दावेच मागे घेतल्यामुळे कलम ३९ आणि कलम ६४ यांच्यातील संघर्षाचा गुणवत्तेवर निवाडा या खटल्यांत झालाच नाही.

त्यानंतरचा लढा वेगळ्याच मुद्द्यावर सरकला. कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये वाणाची नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी कंपनीचे अपील फेटाळले, तर जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरविला. या टप्प्यावर चर्चा मुख्यतः नोंदणी अर्जातील त्रुटींची झाली : वाण कोणत्या वर्गात दाखविले, पहिल्या विक्रीची तारीख कोणती. ज्याच्या शेतावरून हा वाद उद्भवला तो शेतकरी या युक्तिवादांतून जवळजवळ दिसेनासा होतो.

दोष केवळ न्यायालयीन प्रक्रियेचा नाही. अधिनियमाच्या रचनेतच तो आहे. कलम ४४ शेतकऱ्याला शुल्कमाफी देते, मात्र ती प्राधिकरण, निबंधक आणि उच्च न्यायालय यांच्यापुढील कामकाजापुरती. हक्कभंगाचा दावा कलम ६५ नुसार जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात चालतो आणि शेतकऱ्याला प्रतिवादी म्हणून नेमके तेथेच उभे राहावे लागते. वकिलाची फी, हेलपाटे आणि बुडालेली मजुरी यांबाबत अधिनियम मौन पाळतो. निष्पाप हक्कभंगाला संरक्षण देणारे कलम ४२ वरकरणी उदार वाटते. पण त्यासाठी पैदासकाराच्या हक्काची आपल्याला माहिती नव्हती, हे शेतकऱ्याला न्यायालयात सांगावे लागते. कलम ३९ मुळे जे कृत्य हक्कभंगच ठरत नाही, त्यासाठी अज्ञानाचा आधार घ्यावा लागणे विचित्रच म्हणावे लागेल.

'शेतकरी' या संज्ञेची व्याख्याही येथे विचारात घ्यावी लागते. तीत जमिनीच्या मालकीची अट नाही, ही जमेची बाजू. कूळ किंवा बटईदारही त्यामुळे तीत सामावतो. पण स्वतः राबणारा आणि दुसऱ्याकडून केवळ देखरेखीने शेती करवून घेणारा, दोघेही तिच्यात समान आहेत. परिणामी मोठा उत्पादक शेतकरी हक्काच्या आडून व्यापार करतो, हा कंपन्यांचा आक्षेप लहान शेतकऱ्यावरही तितक्याच सहजतेने वळविता येतो. धारणाक्षेत्र किंवा कौटुंबिक श्रम यांवर आधारलेला स्वतंत्र वर्ग अधिनियमात असता, तर त्या वर्गाविरुद्धच्या दाव्यास प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक करता आली असती, आणि मनाई हुकमापूर्वी कलम ३९ लागू नाही हे दाखविण्याचा भार दावेदारावर टाकता आला असता. आजच्या रचनेत हा भार व्यवहारतः बटाटे पिकविणाऱ्यावरच येऊन पडतो.