आजीची गोळी आणि माझा बासरीचा प्रोजेक्ट

पेट दिली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय ठरतोय ‘संगीताचा शरीर-मनावर होणारा परिणाम’. असे मेसेज मला अधूनमधून येतात. विषय चांगला आहे. म्हणूनच आज या विषयावरच्या एका कच्च्या अभ्यासाची चिरफाड करू. अभ्यास परक्या कुणाचा नाही, माझाच आहे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी होस्टेलमधल्या बावीस मैत्रिणींचा रक्तदाब मोजला, त्यांना पंधरा मिनिटं बासरीवरचा यमन ऐकवला आणि पुन्हा मोजला. बहुतेकींचा दाब उतरला. पेअर्ड टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली आणि मी झोकात लिहून टाकलं, ‘यमन ऐकल्याने रक्तदाब कमी होतो.’ मार्क चांगले पडले. सुट्टीत चौकला घरी गेले तेव्हा आजीला कौतुकानं सगळं सांगितलं.

आजी बायकांच्या भजनी मंडळात टाळ घेऊन पुढे बसणारी. तिला पटायला कितीसा वेळ लागणार? ‘नातीनं कॉलेजात सिद्ध केलंय’ असं तिनं मंडळात सांगितलं आणि स्वतःची बीपीची गोळी बंद केली. घरात कुणाला पत्ता नाही. दोनेक महिन्यांनी तिला चक्कर आली. पनवेलला नेलं तेव्हा वरचा आकडा १८० च्या पुढे होता. मी रागावले, तर म्हणाली, “अगो बाय, तूच तर म्हणालीस.”

ती सावरली. पण मंडळातल्या आणखी कुणी गोळी सोडली आहे का, हे विचारत मी घरोघर फिरले. व्हायव्हात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्या दोन दिवसांत वाटली.

चुकलं कुठे?

पहिली चूक मोजण्यातच होती. रक्तदाब घेण्याआधी माणसाला किमान पाच मिनिटं शांत बसवायचं असतं, हा साधा नियम आहे. माझ्या मैत्रिणी जिने चढून यायच्या आणि मी लगेच पट्टा बांधायचे. दुसरं रीडिंग पंधरा मिनिटं बसून झाल्यावरचं. दाब उतरणारच! त्यात यमनचा वाटा किती आणि खुर्चीचा किती, हे माझ्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. नुसता बसवलेला, संगीत न ऐकणारा गट मी ठेवलाच नव्हता. टी-टेस्ट फरक आहे का ते सांगते. तो कशामुळे पडला, हे अभ्यासाची रचना सांगते.

दुसरी चूक अर्थ लावण्यातली. विशीतल्या निरोगी मुलींच्या पंधरा मिनिटांवरून सत्तरी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तदाबाबद्दल काहीच म्हणता येत नाही. पण माझ्या निष्कर्षात ‘कुणाचा’ आणि ‘किती वेळ’ हे दोन शब्द नव्हतेच. आजीनं ती रिकामी जागा स्वतःच्या नावानं भरली.

आता एक चांगला अभ्यास बघा. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘हार्ट’ या नियतकालिकात तो छापला. २४ जण, त्यातले निम्मे संगीत शिकलेले. सहा प्रकारचं संगीत, त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय वाढली तसे श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. ऐकणाऱ्याची आवडनिवड फारशी महत्त्वाची ठरली नाही. आणि गंमत म्हणजे मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा नाडी आणि दाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. म्हणजे माझ्या प्रोजेक्टमध्ये नसलेला शांततेचा भागच इथे सगळ्यात बोलका निघाला.

गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे

पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी १९३३ मध्ये पुरिया गाऊन मुसोलिनीचा निद्रानाश घालवला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मलाही ती आवडते. पण संशोधक म्हणून विचारा: एकच माणूस, एकच रात्र. आधी किती दिवस झोप नव्हती? नंतर किती दिवस आली? त्या रात्री गाणं नसतं तर काय झालं असतं? उत्तर नाही. ‘अमुक रागाने मधुमेह, तमुक रागाने दमा’ हे फिरणारे तक्ते याच जातीचे. त्यांच्यामागे तुलना नसते.

‘आपल्या प्राचीन ग्रंथांत आहे’ असंही म्हटलं जातं. शार्ङ्गदेवाचा ‘संगीत रत्नाकर’ १३ व्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या दरबारात लिहिला गेला. त्यात संगीताच्या आधी देहाची उत्पत्ती आणि रचना येते. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, असं नादाचं स्थान सांगितलंय. गाणं शरीरातून उगवतं, हा विचार सुंदर आहे. पण गाणं शरीरातून येतं यावरून ते रोग बरा करतं, हे सिद्ध होत नाही. ग्रंथातून प्रश्न घ्या, उत्तर मात्र तपासून घ्या.

मग संगीताचा उपयोग नाहीच?

आहे, आणि चांगला पुरावा आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ७३ यादृच्छिक चाचण्यांचा, सुमारे ७,००० रुग्णांचा एकत्र आढावा आला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकवलेल्यांना वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामकंही कमी लागली. मात्र हॉस्पिटलातला मुक्काम कमी झाला नाही. ही शेवटची ओळ फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

दुसरा अभ्यास फिनलंडमधला, २००८ सालचा. मेंदूच्या झटक्याचे ६० रुग्ण, तीन गट. एका गटाला रोज आवडीचं संगीत, दुसऱ्याला बोलकी पुस्तकं, तिसऱ्याला दोन्ही नाही. दोन महिन्यांनी शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता संगीताच्या गटात जास्त सुधारली होती. बोलक्या पुस्तकांचा गट कशाला? नुसतं कानावर काहीतरी पडल्याचा परिणाम वेगळा काढायला. कंट्रोल ग्रुप असा विचार करून निवडायचा असतो.

या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. संगीत नेहमीच्या उपचारांच्या सोबत होतं, ऐवजी नव्हतं. भूल बंद केली नव्हती, औषधं थांबवली नव्हती. माझ्या एका वाक्यानं आजीच्या घरात ‘सोबत’चं ‘ऐवजी’ झालं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला एवढं विचारा: कुणावर परिणाम? कशाच्या तुलनेत? किती काळ? उपचारासोबत की उपचाराऐवजी? आणि शेवटचा प्रश्न मेथडॉलॉजीच्या कुठल्याच पुस्तकात मला सापडला नाही: माझा निष्कर्ष घरच्या माणसानं शब्दशः खरा मानला, तर काय होईल?

आजी आता सकाळी गोळी घेते आणि संध्याकाळी भजनाला जाते. “भजनानं बरं वाटतं ते खरं की खोटं?” असं तिनं परवा विचारलं. खरंच आहे, म्हटलं. पण ‘बरं वाटणं’ आणि ‘बरं होणं’ यांतला फरक मोजायला मला आणखी काही वर्षं लागतील. तोवर तिनं दोन्ही चालू ठेवायचं, असं आमचं ठरलंय.

तुमच्या प्रस्तावातला कंट्रोल ग्रुप कोणता, ते खाली लिहा. त्यावर पुढे बोलू.