काचेतले पाणी

दिवाळीला घरी आलेल्या पाहुण्यांपुढे फराळाच्या ताटाबरोबर हल्ली मोबाइलही येतो, आणि त्यात दिवाणखान्यातल्या काचपेटीतील माशांची छायाचित्रे असतात. हौस चांगली आहे. परंतु ही चित्रे पाहताना एक गोष्ट मनाला खटकते : त्यांत मासा दिसतो, पाणी दिसत नाही.

असे एखादे चित्र नीट पाहावे. काचेवर फ्लॅशचा पांढराफेक डाग, शेजारी आकाशकंदिलाचे प्रतिबिंब, आणि चित्र काढणाऱ्याचा सदरा. मधोमध मासा, तोही घासलेल्या ताटलीसारखा चकाकणारा. मागे काळोख. बाजारातल्या फळीवर मांडलेला मासा याहून फारसा वेगळा दिसत नाही.

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रहिवाशांना हा दोष चटकन उमजावा. निजामशाहीतला फराहबागेचा महाल १५८३ साली पुरा झाला, तो तलावाच्या मधोमध. आज तो तलाव एरवी कोरडाच असतो. कमानी आहेत, भिंती आहेत. पण ज्या पाण्याच्या सोबतीसाठी त्या उभारल्या, तेच गेले. महालावर ही वेळ काळाने आणली. माशावर ती आपण एक कळ दाबून आणतो.

पाण्यात उजेड वरून येतो. म्हणूनच पुष्कळशा माशांची पाठ गडद आणि पोट फिके असते. वरचा उजेड आणि खालची सावली यांचा मेळ बसून मासा पाण्यात विरून जातो. समोरून झोत टाकला की ही सारी योजना उधळते. चंदेरी माशाच्या अंगावरचे सूक्ष्म स्फटिक आरशासारखा तो झोत परत फेकतात. चिमुकल्या निऑन टेट्राची निळी रेघसुद्धा अशा स्फटिकांवरून परतलेल्या उजेडाचीच किमया आहे.

तेव्हा खोलीतले दिवे मालवावेत आणि पेटीवरचा दिवा तेवढा ठेवावा. काच आतून-बाहेरून पुसावी. कॅमेरा काचेसमोर सरळ, जवळजवळ टेकवून धरावा. काचेपासून चार इंच आत असलेला मासा सरळ पाहिल्यास सुमारे तीन इंचांवर दिसतो, एवढे चालते; तिरपे पाहिले की त्याची आकृतीच मोडते. मग वाट पाहावी. वाट पाहायला नको म्हणून काही जण माशाला दोन काचांमध्ये अडकवून उभा करतात. त्यात खवला न् खवला स्पष्ट येतो खरा. परंतु ओळखपत्रावरच्या माणसाइतकाच तो मासा जिवंत वाटतो.

हा केवळ शोभेचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. निरोगी मासा पर पसरून पोहतो. आजारी मासा बहुधा ते अंगाशी मिटून घेतो. प्रामाणिक चित्रात हे दिसते, रंग भडक करून घेतलेल्या चित्रात ते झाकले जाते. पाळलेल्या जिवाचे दुखणे झाकणाऱ्या चित्राला सुंदर कसे म्हणावे?

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षे मुले तिथल्या काचांना नाक लावून उभी राहिली. नाक काचेला टेकले की डोळ्यांपुढची प्रतिबिंबे नाहीशी होतात आणि पाणी दिसू लागते. मुलांना जे न शिकवता साधले, ते आपल्या कॅमेऱ्याला साधले तरी पुष्कळ झाले.