ईसीजी वाचला, पुढे काय?

'एआयने डॉक्टरांना हरवलं' असा मथळा दिसला की मी आधी विचारते, कोणत्या डॉक्टरांना? २०२३च्या अखेरीस 'युरोपियन हार्ट जर्नल – डिजिटल हेल्थ'मध्ये आलेला हर्मन आणि सहकाऱ्यांचा पेपर या वादात सारखा पुढे केला जातो. आज तोच घेऊ.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण किंवा जवळजवळ बंद झालीय का, हे ईसीजीवरून ओळखायचं होतं. चाचणी २,२२२ रुग्णांवर. डॉक्टरांचा नेहमीचा निकष, म्हणजे आलेखातला एसटी भाग वर उचललेला असणं, त्याने शंभरातले जेमतेम ३२-३३ खरे रुग्ण पकडले. ईसीजी-तज्ज्ञांनी ७३, एआयने ८०.६. हरवलं की! पण थांबा. वाहिनी बंद नसताना तसं बरोबर सांगण्यात तज्ज्ञ ९५.७ टक्के, एआय ९३.७. एआय कमी रुग्ण सोडतं, पण उगाच घंटाही जास्त वाजवतं. लेखक स्वतः 'तज्ज्ञांच्या तोडीचं' एवढंच म्हणतात.

शिवाय चाचणीतल्या २१.६ टक्के रुग्णांची वाहिनी खरंच बंद होती. अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये रात्री छाती धरून येणाऱ्यांत ॲसिडिटीवाले, घाबरलेले, सगळेच असणार. समजा हजारात ५० जणांचीच बंद आहे (आकडा माझा, हिशेबापुरता). एआय ४० पकडेल, १० सोडेल आणि साठेक धडधाकटांनाही 'बंद' ठरवेल. म्हणजे शंभर घंटांतल्या साठ खोट्या.

आता धारणीला चला. अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात मेळघाटचा घाट. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, असा नियम. पण तो एसटी उचललेल्यांसाठी. एआयने जे जास्तीचे रुग्ण शोधले, ते नेमके या निकषातून निसटणारे. त्यांना ते द्या असं मार्गदर्शक सूचना म्हणत नाहीत, आणि ते काही सलाइन नव्हे. शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. मशीन म्हणतंय बंद, निकष म्हणतोय नाही, आणि ड्युटीवर नुकताच एमबीबीएस झालेला बॉण्डवरचा पोरगा एकटा. एआयची खरी गरज त्यालाच, आणि पेपरात त्याच्यासारख्याशी तुलनाच नाही!

गोव्यात २०१८पासून आरोग्य केंद्रांतले ईसीजी एआय आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून वाचतात, रुग्ण बांबोळीला जातो. पण गोव्याचं अंतर ते केवढं!

मला वाचायचाय तो पेपर असा: धारणीत आलेल्या माणसाला "कधीपासून दुखून राह्यलं, काका?" विचारल्यापासून इंजेक्शन किती मिनिटांनी मिळालं, मशीन असताना आणि नसताना; आणि अमरावतीला किती जण जिवंत पोचले.