बारा सरकारं एकत्र बसतात, मजुरीचा आकडा मात्र ठरत नाही

भारत, बांगलादेश, नेपाळ, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा बारा आशियाई देशांचं एक व्यासपीठ आहे, 'कोलंबो प्रक्रिया'. २००३ मध्ये दहा देशांनी ते सुरू केलं. परदेशी राबणाऱ्या आपल्या कामगारांसाठी सरकारांनी एकमेकांशी बोलावं, हा हेतू. हेतूला कोण नाही म्हणेल?

पण मुंबईच्या मजूर नाक्यावर काय होतं ते आठवा. ठेकेदार येतो, एक जण आठशे सांगतो, मागचा सहाशेला तयार होतो. आठशेवाला तिथंच उभा राहतो. आता हेच सरकारांच्या बाबतीत बघा. २०११ मध्ये सौदी अरेबियात एका इंडोनेशियन मोलकरणीचा शिरच्छेद झाला. इंडोनेशियाने बायका पाठवणं थांबवायचं ठरवलं. फिलिपिन्स घरकामासाठी महिना ४०० डॉलरवर अडून बसला होता. सौदीने काय केलं? दोन्ही देशांतून घरकामगार घेणंच बंद केलं आणि इतरत्र माणसं शोधली. फिलिपिन्सची अट पुढे मान्य झाली, नाही असं नाही. पण २०१५ मध्ये बांगलादेशने करार केला तो ८०० रियालवर, म्हणजे जेमतेम २१३ डॉलर. काम तेच, आणि तिन्ही देश याच व्यासपीठाचे सदस्य!

आपलं सरकारही काही वेगळं वागलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आखाती देशांत जाणाऱ्या भारतीय कामगारांचं किमान शिफारस वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणलं. का, तर पगार जास्त मागितला की नोकऱ्या शेजाऱ्यांकडे जातील. प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. शेजाऱ्यांशी बोलायला व्यासपीठ हाताशी असताना भीती शेजाऱ्यांचीच, याला काय म्हणायचं?

आम्हाला खटकतं ते हेच. या बैठकांत भरतीतली फसवणूक, निघण्यापूर्वीचं प्रशिक्षण, पैसे घरी पाठवण्याचा खर्च, यावर चर्चा होते. उपयोगाची आहे ती. पण निर्णय कुणावर बंधनकारक नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून एक किमान दर पाळायचा, हे अजून झालेलं नाही. माणसं घेणाऱ्या देशांना सोबत बसवणारा 'अबू धाबी संवाद' २००८ पासून चालू आहे. तिथेही बंधन नाहीच. सार्कचं तर बोलायलाच नको. २०१४ च्या काठमांडू जाहीरनाम्यात कामगार स्थलांतराचा उल्लेख झाला, आणि त्यानंतर शिखर परिषदच भरली नाही.

दर वाढवला तर आखाती देश आफ्रिकेतून माणसं आणतील, असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात आणतातही. पण बारा देश एकत्र मागे हटले तर इतकी माणसं एका वर्षात आणणार कुठून? मे २०२४ मध्ये या प्रक्रियेचं अध्यक्षपद पहिल्यांदाच भारताकडे आलं. घरकाम आणि बांधकाम, निदान या दोन कामांचा किमान दर विषयपत्रिकेवर घ्या, एवढीच आमची मागणी आहे.